चालीचे आवर्तन

माणूस चेहऱ्याने ओळखता येतो, तसा चालीनेही येतो. किंबहुना जिन्यावर पाऊल वाजले की चेहरा दिसण्यापूर्वीच आपण दार उघडावयास उठतो. तीच चाल कागदावर उतरवू गेल्यास मात्र, इतकी वर्षे आपण पाहिले तरी काय, असा प्रश्न पडतो.

आपल्या उज्जैनचे डॉ. विष्णु श्रीधर वाकणकर यांनी १९५७ साली भीमबेटकाची शैलचित्रे उजेडात आणली. काडीसारख्या हातापायांची ती माणसे. नाकडोळ्यांचा पत्ता नाही, तरी ती शिकारीस निघाली आहेत, नाचत आहेत, याविषयी शंका उरत नाही. चित्रांना खरोखरीच चालविण्याची विद्या फार पुढची. दादासाहेब फाळक्यांनी आगकाड्या हलवून तिचा खेळ मांडला होता. पुढे १९५६ साली डिस्ने यांच्या स्टुडिओत काम केलेले क्लेअर वीक्स मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये शिकवावयास आले आणि राम मोहन यांच्यासारखे चित्रकार तेथे तयार झाले. आता कागदाची जागा संगणकाने घेतली आहे. पात्राला चालविण्याचा धडा मात्र चुकलेला नाही.

चित्रपटात सेकंदाला २४ चित्रे सरकतात. बेताच्या चालीत एका पावलाला अर्धा सेकंद धरला, तर डावे-उजवे मिळून २४ चित्रे होतात. प्रत्येक चित्र दोनदा दाखविले की १२ रेखाटनांत काम भागते. हे तालाचे आवर्तनच म्हणा ना! बाराव्यानंतर पुन्हा पहिले यावयाचे. पहिल्याचीच नक्कल शेवटी ठेवली, तर समेवर ठेच लागते.

नवशिक्याचे सारे लक्ष पायांकडे असते. खरी मेख आहे ती वजनात. टाच टेकते तेव्हा दोन्ही पाय सर्वांत फाकलेले असतात. लगेच अंगाचा भार पुढच्या पायावर येतो, गुडघा लवतो, डोके खाली जाते. मागचा पाय उभ्या पायाजवळून पुढे निघतो आणि चवड्याच्या रेट्याने शरीर पुन्हा उंचावते. हात पायांच्या उलट. हे खाली-वर होणे विसरले, की पात्र चालत नाही, ओल्या फरशीवरून घसरत जाते. रामघाटावर तासभर बसून पाहावे: डोईवर बोचके घेतलेल्या यात्रेकरू बाईचे डोके जवळजवळ एका रेषेत जाते, सारे हेलकावे तिची कंबर आणि गुडघे पोटात घालतात.

आमच्या नातीने मोबाइलवर हा उद्योग आरंभिला आहे. तिने आजोबांची चाल काढावयास घेतली. ह्यांची छायाचित्रे घरात पुष्कळ आहेत. चाल कोठेच नव्हती. काठी कोणत्या हातात, यावरून लेकीचे आणि सुनेचे जुंपले. गुडघा उजवा दुखे, म्हणून काठी डाव्या हातात, हे मी सांगितले तेव्हा दोघी गप्प झाल्या. तरी पहिले चित्र पाहून कोणालाच ओळख पटेना. दोन्ही पावले सारख्या वेळेची, म्हणून हे कवायतीस निघालेल्या शिपायासारखे दिसत. दुखऱ्या पायावर माणूस फार वेळ उभा राहत नाही. तिने डाव्या पायाला १२ चित्रे ठेवली, उजव्याला ८ केली, आणि सून एकदम म्हणाली, "अगंबाई, बाबाच!"

मला मात्र अजून काही खुपत होते. काठी आणि दुखरा पाय एकदमच पुढे जात. हिने काठी मागून आणली होती. निमूटपणे तिने पाच रेखाटने पुसली. आता पुन्हा काढीत बसली आहे, आणि मध्येच विचारते, "आजी, उंबऱ्यापाशी ते थांबायचे का गं?"

थांबत असत. आधी काठी आत टेकवीत.