खटल्यावरचे नाव

आणीबाणीला २०२५मध्ये ५० वर्षे झाली. तुरुंगात गेलेल्यांच्या आठवणी आपण पुष्कळ वाचल्या. हा दिवाळी अंक जुळवताना माझ्या मनात घोळत होता तो मात्र टेबलापलीकडचा माणूस, मजकुरावर काट मारणारा सरकारी अधिकारी.

२६ जून १९७५ला वृत्तपत्रांवर सेन्सॉरशिप आली. लवकरच माहिती खाते विद्याचरण शुक्लांकडे गेले. दिल्लीत मुख्य सेन्सॉर हॅरी डिपेन्हा, मुंबईत बिनोद राव. अग्रलेखाची जागा कोरी सोडायलाही मनाई झाली. कित्येक हुकूम तोंडी, फोनवरून सुटत, हे पुढे आणीबाणीची चौकशी करणाऱ्या शहा आयोगासमोर उघड झाले. कागदच नाही म्हटल्यावर जाब कोणाला विचारायचा? या नोकरीतली खरी सत्ता कात्रीत नव्हती, नकाराचे कारण न देण्याच्या मुभेत होती असे मला वाटते.

वर्धा जिल्ह्यातली एक गोष्ट घ्या. विनोबा भावे यांचे आणीबाणीविषयीचे 'अनुशासन पर्व' हे शब्द सरकारने आनंदाने मिरवले. पण गोवधबंदीसाठी ते उपोषण करणार, हे 'मैत्री' मासिकाने छापले आणि जून १९७६मध्ये पोलिसांनी पवनारच्या आश्रमातून अंक उचलून नेले.

'फ्रीडम फर्स्ट' मासिकाचे ११ मजकूर नाकारले गेले, तेव्हा त्याचे संपादक मिनू मसानी गप्प बसले नाहीत, मुंबई उच्च न्यायालयात गेले. तिथे सेन्सॉरला प्रत्येक नकाराचे समर्थन करावे लागले. १० फेब्रुवारी १९७६ला अपिलात न्या. मादन आणि न्या. कानिया यांनी सांगितले की सगळ्या पत्रांना एकाच सुरात बोलायला लावणे हे सेन्सॉरचे काम नव्हे. सरकारशी मतभेद असणे आणीबाणीतही गुन्हा ठरत नाही. लोक तुरुंगात असताना दिलेला हा निकाल! त्याचा मला फार अभिमान वाटतो. अपील सेन्सॉर बिनोद राव यांचे होते, म्हणून खटल्यावर त्यांचे नाव आधी लागले: 'बिनोद राव विरुद्ध मिनोचर रुस्तम मसानी'. आयुष्यभर दुसऱ्यांचे लेखन सांभाळणाऱ्या संपादकांचीही नावे लोक विसरतात. बिनोद राव हे नाव मात्र कायद्याच्या पुस्तकांत राहिले आहे, हरलेल्या बाजूचे म्हणून.

संपादकाच्या हातातही काट मारण्याची सत्ता असतेच. या अंकात जिथे काटछाट केली, तिथे लेखकांना आधी विचारले आहे. ज्यांचे लेखन घेता आले नाही, त्यांना कारण लिहून, खाली माझी सही करून कळवले आहे. कारण पटले नसेल त्यांनी जरूर भांडावे. ती पत्रे पुढच्या अंकात छापू.