सीईटीचं गणित आणि मराठीचा मास्तर

मंडळी, आधीच सांगून टाकतो, मी गणिताचा मास्तर नाही. आयुष्यभर मराठी शिकवलं. गणिताचे सर रजेवर गेले की पाचवी-सहावीच्या वर्गावर मला पाठवायचे, तेवढाच माझा त्या विषयाशी संबंध. तेव्हा पुढचं वाचून कोणी गणितज्ञ हसले तर हसू देत.

झालं असं की आमची नात चिमी (बारावी सायन्स) एमएचटी-सीईटीच्या तयारीला लागली आहे. गेल्या महिन्यात तिने सराव परीक्षा दिली. गणितात १०० पैकी ५४. घरात सुतकी शांतता. चिरंजीव कुठल्याशा क्लासमध्ये चौकशी करून आले. तिथल्या गृहस्थांनी "क्रॅश कोर्स लावा, रोज शंभर गणितं करून घेऊ" असं सांगून फीचा जो आकडा ऐकवला, तेवढ्यात आमच्या वेळी जेलरोडला एखादी खोली बांधून झाली असती.

मी म्हटलं, पैसे भरायच्या आधी मला तो पेपर तरी बघू दे.

ज्यांना ही परीक्षा माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. गणिताचा पेपर ५० प्रश्नांचा, प्रत्येकी २ गुण, वेळ ९० मिनिटं. म्हणजे एका प्रश्नाला १०८ सेकंद. साधारण ८० टक्के भाग बारावीचा, उरलेला अकरावीचा. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. सगळं संगणकावर, पण कॅल्क्युलेटर न्यायचा नाही. (ह्यूस्टनच्या भाचीचा मुलगा सॅट देतो, त्याला गणिताच्या सबंध भागात कॅल्क्युलेटर चालतो. चिमीला हे सांगितलं तर ती अमेरिकेवरच रुसली.)

तर आम्ही दोघं तिचे २३ चुकलेले प्रश्न घेऊन बसलो. मला गणित येत नाही हे इथे कामी आलं. मी प्रत्येक प्रश्नाला एकच विचारत होतो, "हा का चुकला?" ती सांगायची, मी टिपून घ्यायचो. शेवटी यादी अशी झाली: ९ प्रश्न मुळात येतच नव्हते. ३ वेळ संपताना डोळे मिटून टिचकी मारलेले. ६ आकडेमोडीत गेले, उणेचं अधिक वगैरे. आणि ५ ठिकाणी प्रश्नच नीट वाचला नव्हता.

बघा हं, आकडेमोडीचे ६ आणि वाचण्याचे ५ मिळून ११ प्रश्न. म्हणजे २२ गुण तिला येत असलेल्या गणितात गेले! ५४ चे ७६ झाले असते. तिथे रोज शंभर नवी गणितं करून काय होणार? चूक करायची सवय आणखी पक्की होणार, एवढंच.

ते वाचण्याचे पाच प्रश्न बघताना मात्र माझ्यातला मराठीचा मास्तर जागा झाला. एक उदाहरण देतो. नाणं तीनदा उडवलं तर 'अ‍ॅट लीस्ट' एक छाप पडण्याची शक्यता किती? उत्तर सात अष्टमांश. 'अ‍ॅट मोस्ट' एक म्हटलं तर उत्तर निम्मं, एक द्वितीयांश. चिमीने घाईत लीस्टचं मोस्ट वाचलं, आणि गंमत म्हणजे एक द्वितीयांश हा पर्याय तिथे वाट बघत बसलाच होता. पेपर काढणारे काही वेडे नसतात. कोण कुठे घसरणार हे त्यांना ठाऊक असतं.

मी तिला म्हटलं, प्रश्न मनात मराठीत म्हण. 'कमीत कमी एक', 'जास्तीत जास्त एक'. मराठीत हे घोटाळे होत नाहीत, कारण या शब्दांनी आपण लहानपणापासून भाजी घेत आलोय.

बारावीच्या पुस्तकात पहिलाच धडा तर्कशास्त्राचा आहे, तो वाचून तर मी थक्क झालो. अहो, हे तर आमचं व्याकरण! आणि, किंवा, जर-तर. सगळी उभयान्वयी अव्ययं. "सगळे विद्यार्थी हुशार आहेत" याचा नकार काय? चिमी म्हणाली, "एकही हुशार नाही." चूक. निदान एक जण हुशार नाही, एवढंच पुरे. जर-तरच्या नकारात ती आणखी अडखळली. मी म्हटलं, "अगं, समज मी तुला सांगितलं, जर पाऊस पडला तर मी तुला बिटको पॉईंटला न्यायला येईन. मी खोटा कधी ठरेन?" क्षणभर थांबून म्हणाली, "आबा, पाऊस पडला आणि तुम्ही आला नाहीत तर." बस, हेच उत्तर. पाऊस पडलाच नाही तर मी आलो काय, न आलो काय, शब्द काही मोडला नाही.

आता यातली खोच अशी की सीईटीत भौतिक आणि रसायनचा पेपर मराठीतून किंवा उर्दूतून देता येतो, गणिताचा मात्र फक्त इंग्रजीत. पूर्वी मी यावर तावातावाने बोललो असतो. पण चिमीसारखी मुलं आठवीपासून सेमी इंग्रजीत. तिला 'विकलन' म्हटलं तर ती माझ्याकडे बघते, डिफरन्सिएशन म्हटलं की हात चालू लागतो. तेव्हा मराठी पेपर दिला तरी ती घेणार नाही. अवघड शब्द इंग्रजीत पाठ झालेत. घसरते ती ऑल, ओन्ली, नॉट, अ‍ॅट लीस्ट अशा चिमुकल्या शब्दांवर, आणि ते कुठल्याच क्लासात शिकवत नाहीत. भाषा गणिताच्या वाटेत येते हे काही माझं नवं संशोधन नव्हे. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'सत्तावीस'बरोबर 'वीस सात' आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! मंगलाताई नारळीकर सांगत होत्या की जोडाक्षरांनी पोरं अडतात. तेव्हा मीही नाक मुरडलं होतं. आज तेवढं मुरडणार नाही.

अजून एक गोष्ट तिला सांगितली, ती पंचवटी एक्सप्रेसच्या पासधारकांकडून शिकण्यासारखी. गाडी आली की हातातला चहा अर्धा असला तरी ठेवून निघतात. १०८ सेकंदांत प्रश्न सुटला नाही तर सोडायचा आणि पुढे जायचं. उरलेल्यांवर शेवटच्या पाच मिनिटांत टिचकी मारायचीच, गुण कापत नाहीत तर रिकामं का सोडा? चिमीला हे सर्वांत जड जातं. अडलेल्या गणिताशी भांडत बसते. (आजीवर गेली आहे.)

क्रॅश कोर्स तूर्त थांबला आहे. चिरंजीव नाराज आहेत, "बाबा, पोरीच्या वर्षाचा प्रश्न आहे" म्हणतात. त्यांचंही खरं आहे, म्हणून मीही रात्री नीट झोपत नाही. न येणारे ९ प्रश्न माझ्या व्याकरणाने सुटणार नाहीत. त्यासाठी कोणीतरी जाणता माणूस लागेलच, पण नऊ प्रश्नांपुरता.

परवा दुसरी सराव परीक्षा झाली. ६० गुण. वाचण्याची चूक ५ वरून १ वर आली. डोळे मिटून मारलेले २. न येणारे ९ चे १० झाले आणि आकडेमोडीच्या चुका ६ च्या ७. चुकांच्या वहीत तिने स्वतःच हे आकडे लिहून खाली लाल रेघ ओढली आहे. आकडेमोडीचं खातं आता सूनबाईंनी हाती घेतलंय. रोज संध्याकाळी पोळ्या लाटता लाटता तिला तीसपर्यंतचे पाढे विचारतात, आणि सतरा साते एकशे एकोणीसला ती अजून अडकते.