विश्लेषण : नकोसे केस ‘कायमचे’ घालवणारी सुई… तीनपैकी कोणती पद्धत प्रभावी?

हनुवटीवर किंवा ओठांवर दाट केस येणे हा अनेक महिलांसाठी केवळ सौंदर्याचा प्रश्न नसतो. पीसीओएससारख्या संप्रेरकांच्या बिघाडात हे केस वारंवार उगवतात आणि थ्रेडिंग, वॅक्सिंगचा खर्च वर्षानुवर्षे सुरू राहतो. म्हणूनच जाहिरातीतील ‘कायमचे’ हा शब्द मोहात पाडतो. तो नेमका कोणत्या उपचाराला लागू होतो?

लेझर आणि इलेक्ट्रोलिसिसमध्ये फरक काय?

लेझरचा प्रकाश केसातील काळे रंगद्रव्य शोषून घेते. त्यामुळे पांढऱ्या किंवा फिकट केसांवर त्याचा फारसा उपयोग होत नाही. अमेरिकेचे अन्न व औषध प्रशासन लेझरसाठी केस ‘कायमचे कमी करणे’ असा दावा मान्य करते. ‘कायमचे काढणे’ असा नाही. तो मान इलेक्ट्रोलिसिसला मिळतो. यात बारीक सुई केसाच्या मुळापर्यंत घालून एकेक केस स्वतंत्रपणे नष्ट केला जातो. केसाच्या किंवा त्वचेच्या रंगाशी त्याचा संबंध नसतो.

तीन पद्धती कोणत्या?

पहिली गॅल्व्हॅनिक. १८७५ मध्ये अमेरिकेतील सेंट लुईसचे नेत्रतज्ज्ञ डॉ. चार्ल्स मिशेल यांनी डोळ्यांत टोचणाऱ्या पापण्यांच्या केसांवर ती वापरल्याचे नोंदवले. सुईतून एकदिश विद्युतप्रवाह सोडला, की मुळाभोवतीचे मीठ आणि पाणी यांपासून कॉस्टिक सोडा तयार होतो आणि तो केस उगवणाऱ्या पेशी नष्ट करतो.

दुसरी थर्मोलिसिस. १९२०च्या दशकात फ्रान्समध्ये विकसित झालेल्या या पद्धतीत उच्च वारंवारतेच्या प्रवाहाने मुळाशी उष्णता निर्माण होते आणि पेशी भाजल्या जातात.

तिसरी ब्लेंड. आर्थर हिंकेल आणि हेन्री सेंट पिएर यांना १९४८ मध्ये तिचे पेटंट मिळाले. यात दोन्ही प्रवाह एकत्र दिले जातात. उष्णतेमुळे कॉस्टिक सोड्याची क्रिया वेगाने होते.

अधिक प्रभावी कोणती?

वेगात थर्मोलिसिस पुढे आहे. एका केसाला एखाद-दोन सेकंद पुरतात. मात्र उष्णता सुईच्या आसपासच राहते. मूळ वाकडे असेल किंवा सुई थोडी चुकली, तर पेशी वाचतात आणि केस पुन्हा येतो. गॅल्व्हॅनिकमधील द्रव वाकड्या मुळातही पसरतो, पण एका केसाला मिनिटभर किंवा अधिक वेळ लागू शकतो. ब्लेंड या दोहोंच्या मधली. म्हणून बारीक, सरळ केसांसाठी थर्मोलिसिस, तर जाड, कुरळ्या केसांसाठी ब्लेंड किंवा गॅल्व्हॅनिक अधिक योग्य ठरते.

मात्र तिन्ही पद्धतींचे यश अखेर सुई धरणाऱ्या हातावर अवलंबून असते. प्रवाह कमी पडला तर केस परततो, जास्त झाला तर डाग किंवा व्रण राहू शकतो.

इतक्या बैठका कशासाठी?

सर्व केस एकाच वेळी वाढत नाहीत. आज दिसणारा केस नष्ट झाला, तरी शेजारचे सुप्त केस नंतर वर येतात. त्यामुळे चेहऱ्यासाठी वर्ष-दीड वर्षही लागू शकते. दोन बैठकांत सुटका करून देण्याच्या आश्वासनावर विश्वास ठेवू नये. सुईऐवजी चिमट्याने केस पकडून प्रवाह देणारी घरगुती उपकरणे कायमचा परिणाम देतात, याला पुरावा नाही.

काय तपासावे?

केस अचानक वाढले असतील किंवा पाळी अनियमित असेल, तर आधी डॉक्टरांकडून संप्रेरकांची तपासणी करून घ्यावी. मूळ कारण कायम राहिले, तर नवे केस येतच राहतात. पेसमेकर असलेल्यांनी आणि व्रण फुगण्याची प्रवृत्ती असलेल्यांनी डॉक्टरांचा सल्ला घेतल्याशिवाय हा उपचार करू नये. प्रत्येक ग्राहकासाठी नवी, निर्जंतुक सुई हवीच. पद्धत कोणती, सुई कोण चालवणार आणि अंदाजे किती तास लागणार, हे पॅकेजचे पैसे भरण्यापूर्वीच विचारावे. याची सरळ उत्तरे न देणाऱ्या केंद्राच्या ‘कायमचे’ या शब्दावर पैसे खर्च करू नयेत.