पदवीच्या खालची ओळ



आपल्या मासिकाच्या 'अभिनंदन' पानासाठी आलेल्या बातम्या लावून देण्याचं काम सध्या माझ्याकडे आहे. बहुतेक बातम्या दोन ओळींच्या असतात. अमुक विद्यापीठाची पदवी, अमुक कंपनीत नोकरी, मग लग्न, फ्लॅट, बारसं. सगळ्या आनंदाच्याच गोष्टी, आणि त्या छापताना मलाही बरं वाटतं. पण आदिलाबादकडच्या आपल्या घरांत त्या दोन ओळींच्या मागे बरंच काही असतं, आणि ते छापलं जात नाही.

आमच्याच घरातल्या पदव्या पाहा. आजोबा शाळेत उर्दूतून शिकले आणि हैदराबादला जाऊन उस्मानियाचे बी.ए. झाले. तेव्हा हैदराबाद संस्थानात विद्यापीठ तेवढं एकच, १९१८ साली स्थापन झालेलं. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली. किनवट आणि राजुरा हे तालुके आदिलाबाद जिल्ह्यातून निघून तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले आणि आम्ही आंध्र प्रदेशात राहिलो. बाबांची पदवी वरंगळच्या काकतीय विद्यापीठाची, ते १९७६ साली सुरू झालं. माझी बी.ई. पुन्हा उस्मानियाची. किनवटला दिलेल्या आत्याच्या मुलाकडे नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची पदवी आहे. त्याचं गाव आणि आमचं गाव यांच्यात जेमतेम तासाभराचा रस्ता. घरात बोली एकच, पण प्रत्येकाची शाळेची भाषा वेगळी. एवढ्या भाषा ओलांडून हातात आलेला कागद म्हणजे काय, हे 'बी.ई., हैदराबाद' एवढ्यावरून कळत नाही.

आदिलाबादशी जोडलेलं एक नाव तरुण वाचकांना माहीत असायला हवं. सेतुमाधवराव पगडी. जन्म १९१० चा, मराठवाड्यातला. अलाहाबाद विद्यापीठाचे एम.ए. होऊन ते निजामाच्या मुलकी सेवेत अधिकारी झाले. आजच्या हिशेबाने 'सेटल' झाले म्हणा ना! १९४० च्या दशकात त्यांची नेमणूक आदिलाबादच्या आदिवासी भागात झाली. तिथे ते गोंडी आणि कोलामी शिकले आणि पुढे दोन्ही भाषांची व्याकरणं लिहिली. नंतर ते इतिहासकार म्हणून गाजले, १९९२ साली पद्मभूषण मिळालं. त्यांच्या 'अभिनंदन' बातमीत हुद्दा आणि पुरस्कार नक्की आले असते. कोलामी शिकल्याची ओळ कोणी पाठवली असती का?

त्याच काळात, १९४३ साली, मार्लवाई या गावी गोंड शिक्षकांसाठी प्रशिक्षण केंद्र सुरू झालं. मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांच्या पुढाकाराने ही योजना उभी राहिली. मुलांसाठी गोंडी वाचनपुस्तकं तयार झाली ती देवनागरीत, कारण त्या भागात मराठीची ओळख आधीपासून होती. केंद्रातून बाहेर पडलेली तरुण मुलं आपापल्या भागात जाऊन शिकवू लागली. कोणत्याही विद्यापीठाची पदवी त्यांच्याकडे नव्हती. तरीही या जिल्ह्याचे 'माजी विद्यार्थी' म्हटलं की मला आधी तीच आठवतात.

आता आजचं बोलतो. आमच्या वहिनीने दोन मुलं झाल्यावर बी.एड. पूर्ण केलं आणि ती महाराष्ट्राच्या सीमेलगतच्या एका मराठी शाळेत शिकवते. तिची बातमी देऊ का विचारलं, तर म्हणाली, "भाऊजी, त्यात काय द्यायचं? पॅकेज थोडंच आहे!" पण तिच्या वर्गातल्या दहावीच्या मुलांसमोर जो प्रश्न आहे, त्याचं उत्तर आपल्यातल्या पॅकेजवाल्यांकडेच आहे. दहावीपर्यंत मराठी, पुढे काय? इथेच इंटरमीजिएट करायचं तर माध्यम एकदम इंग्रजी किंवा तेलुगू. सीमेपलीकडे किनवटला किंवा यवतमाळ जिल्ह्यात अकरावी-बारावी केली तर भाषा सोपी जाते, पण तेलंगणातल्या प्रवेशासाठी लागणारं 'लोकल' स्थान हातचं जाऊ शकतं. आणि महाराष्ट्रात डोमिसाइल नसल्याने तिथेही राज्याच्या कोट्यात बसता येत नाही. सोळाव्या वर्षी घेतलेल्या या निर्णयाचा फटका अठराव्या वर्षी समजतो, आणि तोवर उशीर झालेला असतो. हुशार मूल दोन्ही राज्यांत परकं ठरतं.

हे कोणत्याही माहितीपत्रकात एका जागी सापडत नाही. पण तुमच्यापैकी कितीतरी जण यातून गेले आहेत. कोणी इंटरमीजिएटचं पहिलं वर्ष इंग्रजीशी झटापट करत काढलं असेल, कोणी पलीकडे जाऊन परत आलं असेल. दहावीतल्या पोराला हे सांगायला अर्ध्या तासाचा फोन पुरतो, आणि तोही नववीत असतानाच केला तर उत्तम.

म्हणून या अंकापासून एक विनंती. बातमी पाठवताना पदवी आणि नोकरीच्या खाली आणखी एक ओळ लिहा: दहावीनंतर मी कोणता रस्ता धरला आणि त्याबद्दल कोणाशी बोलायला तयार आहे. फोन नंबर छापणार नाही. तो मंडळाकडे राहील आणि मागणाऱ्या पालकांना तुमच्या परवानगीनेच दिला जाईल. आई-बाबा, घरी राहून शिकलेल्या सुना, चाळिशीत पदवी घेतलेल्या मावश्या, तुमच्याही बातम्या येऊ द्यात. पॅकेज लिहिलंच पाहिजे असं नाही.

वहिनीची बातमी पुढच्या अंकात येते आहे. ती "नको" म्हणाली होती, पण दादाने फोटो पाठवून दिलाय.