आडनावाचे भांडवल आणि वारशाचे ऋण

नामवंत घराण्यात जन्मलेल्या कलावंताकडे समाज दोन प्रकारे पाहतो. काहींना त्याचे सारे यश आयते वाटते, तर काहींना त्याच्या आडनावापलीकडे काही पाहावेसेच वाटत नाही. २०२० साली हिंदी चित्रसृष्टीतील घराणेशाहीवर देशभर वाद झडला, तेव्हाही चर्चा या दोन टोकांतच अडकून पडली. घराण्याने वारसाला काय द्यायचे असते आणि वारसाने ते कसे फेडायचे असते, हा मूळ प्रश्न बाजूलाच राहिला. २६ नोव्हेंबर २०२२ रोजी पुण्यात दिवंगत झालेले ज्येष्ठ अभिनेते विक्रम गोखले यांच्या जीवनात त्याचे उत्तर सापडते.

गोखले घराण्याची कहाणी भारतीय चित्रपटाच्या जन्माशी निगडित आहे. १९१३ साली दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ काढला, तेव्हा तारामतीच्या भूमिकेसाठी त्यांना स्त्री कलावंत मिळाली नाही. ती भूमिका साळुंके नावाच्या पुरुषाने केली. फाळक्यांच्या पुढच्याच ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची किशोरवयीन कन्या कमला मोहिनी झाली. विक्रम गोखले यांच्या या पणजी आणि आजी! आज हा मान वाटतो. तेव्हा ते धाडस होते. घरंदाज स्त्रीने रंगमंचावर पाऊल ठेवणे निंद्य समजले जाण्याचा तो काळ. पतीपासून विभक्त झालेल्या दुर्गाबाईंनी मुलीच्या पालनपोषणासाठी नाटक कंपनीचा आश्रय घेतला आणि लोकनिंदा सोसली. पुढे कमलाबाईंना ऐन तारुण्यात वैधव्य आले. पदरी तीन मुलगे होते. अभिनयाच्या मिळकतीवर त्यांनी संसार ओढला. लालजी आणि सूर्यकांत तबलावादनाकडे वळले, तर चंद्रकांत गोखले अभिनयाकडे. या घराण्याची कीर्ती अशी कष्टातून उभी राहिली, हे ध्यानात घेतले म्हणजे पुढच्या पिढीच्या वर्तनाचा अर्थ उलगडतो.

चंद्रकांत गोखले २००८ साली निवर्तले. बालवयात तोंडाला रंग लावलेल्या या नटाने नाटक आणि चित्रपट यांत आयुष्य वेचले, पण श्रीमंती कधी मिरवली नाही. स्वतः साधेपणाने राहून ते अपंग सैनिकांसाठी आपल्या मिळकतीतून देणगी देत राहिले. विक्रम गोखले यांना घरातून मिळाले ते हे संस्कार. बाकीचे त्यांना कमवावेच लागले. जयवंत दळवींच्या ‘बॅरिस्टर’ नाटकाचे दिग्दर्शन विजया मेहता यांनी केले. त्यातील रावसाहेब ही मनोविश्लेषणाची कसोटी पाहणारी भूमिका. तिने गोखल्यांना स्वतंत्र ओळख दिली. ती ओळख केवळ आडनावाने मिळणे शक्य नव्हते.

दूरचित्रवाणीचा पडदा घरोघर पोहोचला, तेव्हा रंगभूमीवरच्या अनेक मंडळींनी त्याला दुय्यम मानले. गोखल्यांनी मात्र तेथेही रंगभूमीची शिस्त नेली. दूरदर्शनवर १९८९ साली सुरू झालेली कविता चौधरी यांची ‘उडान’ ही मालिका त्या काळच्या प्रेक्षकांच्या स्मरणात आहे. पोलीस अधिकारी कांचन चौधरी भट्टाचार्य या कविता चौधरी यांच्या भगिनी. त्यांच्या जीवनावर ती आधारित होती. २००४ साली कांचन चौधरी देशातील पहिल्या महिला पोलीस महासंचालक झाल्या. मालिकेतील नायिकेच्या पित्याची भूमिका विक्रम गोखले यांची होती. मुलीला कमी न लेखणारा, अन्यायापुढे मान न तुकवणारा हा बाप त्या काळी हजारो घरांतील वडीलधाऱ्यांशी न बोलता बोलला. एकटीने मुलीला वाढवणाऱ्या दुर्गाबाईंच्या पणतूच्या वाट्याला ही भूमिका यावी, यातील औचित्य वेगळे सांगण्याची गरज नाही.

पुढे ‘या सुखांनो या’ आणि ‘अग्निहोत्र’ या मराठी मालिकांतून ते कुटुंबातील ज्येष्ठ म्हणून घराघरात पोहोचले. २००८ साली सुरू झालेल्या ‘अग्निहोत्र’मधील त्यांचा मोरेश्वर अग्निहोत्री कुलपरंपरा जपणारा होता, पण परंपरा म्हणजे जुना वाडा आणि त्यातील वस्तू एवढेच नव्हे, हे भान त्या व्यक्तिरेखेत होते. संवादातील विराम आणि डोळ्यांतील भाव ही गोखल्यांची बलस्थाने. रोज एक भाग पुरवण्याच्या घाईत सेटवरच हाती पडलेली पाने पाठ करून म्हणायची, एकाच वाक्यावर चार चेहरे दाखवायचे आणि कर्णकर्कश संगीताने उणीव झाकायची, ही मालिकांची रीत झाली असताना, शांतपणे थांबू शकणारा नट दाखवून देत होता की दोष माध्यमाचा नाही, ते राबवणाऱ्यांचा आहे.

मान त्यांना मिळाला. ‘अनुमती’तील भूमिकेसाठी साठाव्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा सन्मान त्यांना इरफान खान यांच्यासह विभागून देण्यात आला. घशाच्या विकारामुळे २०१६ साली त्यांनी रंगभूमीचा निरोप घेतला. मात्र ज्या दूरचित्रवाणीला त्यांनी प्रतिष्ठा दिली, तिने अखेरच्या दिवसांत त्यांच्याशी कसा व्यवहार केला? २३ नोव्हेंबर २०२२ च्या रात्री त्यांच्या निधनाची वार्ता पसरली, वाहिन्यांवर झळकली, श्रद्धांजलीही वाहिली गेली. आणि ते तर रुग्णालयात मृत्यूशी झुंजत होते! कुटुंबीयांना खुलासा करावा लागला. सर्वांच्या आधी बातमी देण्याच्या हव्यासापुढे एका घराचे दुःख आणि एका कलावंताची अब्रू किती स्वस्त झाली आहे, याचा हा लाजिरवाणा दाखला होय. त्यानंतर कोणी काही शिकले, असे दिसत नाही.

याच गोखल्यांनी पुण्यानजीकची आपली जमीन वृद्ध व निराधार कलावंतांच्या निवाऱ्यासाठी देऊ केली होती. पित्याने सैनिकांसाठी केले, पुत्राने सहकलावंतांसाठी. मालिकेतून नाव नाहीसे झाले की नटाला विचारणारे कोणी उरत नाही, त्याला ना निवृत्तिवेतन असते ना हक्काचे छप्पर. पडद्यावर आजोबांची भूमिका करणाऱ्याला प्रत्यक्षात म्हातारपणी आधार असतोच असे नाही. कमलाबाईंच्या घरात हे दुःख पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते.

घराण्याचे नाव पहिले दार उघडते, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण आत गेल्यावर त्या नावाचे व्याज खात बसायचे की मुद्दलात भर घालायची, हे ज्याचे त्याने ठरवायचे असते. आपल्या परंपरेने पितृऋण आणि समाजऋण मानले, ते याच अर्थाने. घराणेशाहीवर टीका करताना वारसांना हा प्रश्न अवश्य विचारावा. आणि रोज संध्याकाळी मालिकांपुढे बसणाऱ्या प्रेक्षकानेही स्वतःला विचारावे की, ज्या वृद्ध कलावंतांनी आपल्या घरात इतकी वर्षे आनंद आणला, त्यांच्या उतारवयाची काळजी घेणे हे केवळ एका गोखल्यांचेच कर्तव्य होते काय?