तुटलेले बोट बर्फावर ठेवू नका!

कडबाकुट्टीत चारा सारताना, कारखान्यात यंत्रावर काम करताना किंवा दाराच्या फटीत सापडून बोट तुटते आणि एकच धांदल उडते. कोणी जखमेत हळद भरतो, कोणी मनगटाला दोरी आवळतो. तुटलेले बोट तिथेच पडून राहते किंवा थेट बर्फात घालून आणले जाते. यात नुकसान होते ते रुग्णाचेच, कारण असे बोट पुन्हा जोडता येऊ शकते.

जपानमधील कोमात्सु आणि तमाई या शल्यचिकित्सकांनी १९६५ मध्ये पूर्ण तुटलेला अंगठा जोडून दाखवला. आज भारतातही अनेक मोठ्या शहरांत ही शस्त्रक्रिया होते. हाड तारेने स्थिर करून, सुमारे एक मिलिमीटर जाडीच्या रक्तवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली केसाहून बारीक धाग्याने शिवतात. मात्र बोट सुस्थितीत पोहोचले तरच हे शक्य होते. म्हणून एवढे लक्षात ठेवा :

● जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून हात उंच धरा. हळद, चुना लावू नका.

● तुटलेले बोट सलाईनमध्ये किंवा स्वच्छ पाण्यात भिजवून पिळलेल्या कापडात गुंडाळा. ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पिशवीचे तोंड घट्ट बांधा. मग ही पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवा. बर्फाचा थेट स्पर्श झाला तर पेशी गोठून मरतात.

● बोट कातडीला लोंबकळत असेल तर ते तोडू नका.

● रुग्णाला काही खायला-प्यायला देऊ नका. भूल द्यावी लागते.

● सूक्ष्मशस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयाला आधी फोन करून निघा.

थंड राखलेले बोट बारा तासांनंतरही जोडता येऊ शकते. मनगटाच्या वरून हात तुटला असेल तर मात्र त्यातील स्नायू रक्ताविना लवकर मरतात. तिथे पहिले सहा तास मोलाचे!

प्रत्येक बोट जोडता येतेच असे नाही. चेंगरलेल्या बोटाच्या रक्तवाहिन्या शिवण्याजोग्या उरत नाहीत. परंतु अंगठा असेल किंवा रुग्ण लहान मूल असेल, तर डॉक्टर शिकस्त करतात. अंगठ्याविना साधा पेलाही धड धरता येत नाही. जोडलेल्या बोटाला पुढे कित्येक महिने व्यायाम द्यावा लागतो आणि तंबाखू पूर्ण वर्ज्य करावी लागते, कारण तिने रक्तवाहिन्या आकसतात.

जोडायचे की नाही, हे शल्यचिकित्सक ठरवतील. तुटलेला प्रत्येक तुकडा त्यांच्यापर्यंत नीट पोहोचवणे हे घरच्यांचे काम.