लेझर चेहऱ्यावर, दुकान किती दिवस बंद?

लग्नसराई जवळ आली की चेहऱ्यावरचे मुरुमांचे खड्डे लेझरने घालवायला रत्नागिरीहून मुंबई-कोल्हापूर गाठणारी मंडळी आता आपल्या समाजातही दिसतात. यात आम्हाला गैर वाटत नाही. खटकते ते एवढेच, की व्यापारी माणूस दर घासाघीस करून ठरवतो आणि नंतरचे दिवस हिशेबात धरत नाही.

या कामातला कार्बन डायऑक्साइड लेझर कापड धंद्याला परका नाही. सिंथेटिक कापडाची नक्षी याच जातीच्या किरणाने कापतात. १९६४ साली तो अमेरिकेत शोधणारे कुमार पटेल जन्माने बारामतीचे! हा किरण कातडीतले पाणी तापवून वरचा थर उडवतो, खालून नवी कातडी धरते. म्हणजे ती जखमच. सूज, पाझर, खपल्या साधारण आठ-पंधरा दिवस. लाली कधी महिनोन्महिने. ठिपके पाडणाऱ्या फ्रॅक्शनल पद्धतीत दिवस कमी, पण खेपा जास्त.

आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीला खरा धोका काळ्या डागांचा, आणि उन्हाने ते वाढतात. मिरकरवाड्याच्या जेटीवर किंवा आंब्याच्या बागेत दिवस काढणाऱ्याने एप्रिल-मेमध्ये हे करूच नये. पावसाळ्यात ऊन कमी आणि गिऱ्हाईकही कमी. निकाहच्या तोंडावर तर नकोच. वुजूच्या पाण्याविषयी डॉक्टरांना आधी विचारावे; पाणी अपायकारक असेल तर तयम्मुमची सवलत आहेच.

तागा उलगडून पाहिल्याशिवाय आपण पैसे देत नाही. मग यंत्र चालवणारा त्वचारोगतज्ज्ञ आहे की पार्लरमधला चार दिवस शिकलेला पोरगा, हे न विचारता चेहरा पुढे कसा करतात? खड्डे साफ जातील अशी हमी देणाऱ्याकडे जाऊच नये. ते कमी होतात, पुरते जात नाहीत.